प्रश्न लहान करावा लागतो

‘अमेरिकेतला पोलादाचा धंदा का बुडाला?’ या विषयावर प्रबंध लिहायचाय म्हणणारा विद्यार्थी मला दोन-तीन वर्षांतून एकदा तरी भेटतो. ईशान्य ओहायोत ते साहजिकच आहे. इथल्या कितीतरी घरांत कुणाचे ना कुणाचे आजोबा भट्टीवर कामाला होते. विषय कळकळीचा असतो, महत्त्वाचा असतो आणि २१-२२ वर्षांच्या मुलाला दोन सत्रांत पेलणारा नसतो. मी ‘नको’ म्हणत नाही. ‘तुझे आजोबा कुठल्या कारखान्यात होते?’ एवढंच विचारते. प्रश्न लहान करणं हे मार्गदर्शकाचं पहिलं काम, आणि ते तिथे सुरू होतं.

मी मूळची लालबागची. इथल्या एका सरकारी विद्यापीठात इतिहास शिकवते. पदवीच्या शेवटच्या वर्षी जे विद्यार्थी ऑनर्स घेतात त्यांना एका प्राध्यापकाच्या हाताखाली प्रबंध लिहावा लागतो. असे प्रबंध मी बरीच वर्षं करून घेते आहे. हल्ली मुंबई-पुण्याहून मैत्रिणींचे, चुलतभावांचे फोन येतात. ‘मुलीला चौथं वर्ष करू द्यावं का गं? त्यात ते रिसर्च असतं म्हणे.’ फोनवर या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आपल्याकडचं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला. त्यात तीन वर्षांनंतर थांबायचं की चौथं वर्ष करायचं, हे विद्यार्थ्याने ठरवायचं आहे. चौथ्या वर्षातही दोन वाटा आहेत. एक साध्या ऑनर्सची, दुसरी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ची. दुसऱ्या वाटेला जायला पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात, आणि तिथे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करून प्रबंध लिहायचा असतो. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी ही रचना २०२३-२४ मध्ये सुरू केली, संलग्न महाविद्यालयांनी पुढच्या वर्षी. त्यामुळे पहिल्या तुकडीचं चौथं वर्ष येतं २०२६-२७ मध्ये. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्याला एम.ए., एम.एस्सी. न करता पीएच.डी.ला प्रवेश घेता येतो, हेही आयोगाच्या २०२२च्या नियमांत आलं आहे. पालकांचं लक्ष मुख्यतः या शेवटच्या वाक्याकडे असतं. मला काळजी आहे ती १२ क्रेडिटची.

अमेरिकेत ही पद्धत शंभर वर्षांची आहे. फिलाडेल्फियाजवळच्या स्वॉर्थमोर कॉलेजात फ्रँक एडलॉट नावाचे अध्यक्ष आले. ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले होते. हुशार आणि कष्टाळू मुलांना वर्गाच्या सरासरी चालीला बांधून ठेवणं त्यांना पटत नव्हतं. १९२२ मध्ये त्यांनी शेवटच्या दोन वर्षांसाठी ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. नेहमीचे तास कमी केले, लहान गट बसवले, लेखन आणि चर्चेवर भर दिला, आणि परीक्षा घ्यायला बाहेरच्या विद्यापीठांतली माणसं बोलावली. स्वॉर्थमोरला परीक्षक अजूनही बाहेरून येतात. मला या सगळ्यात तीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. परीक्षक बाहेरचा असला की शिकवणारा आणि शिकणारा एका बाजूला येतात. ‘सरांना काय आवडेल’ हा विचार विद्यार्थ्याच्या डोक्यातून निघून जातो.

प्रिन्स्टनमध्ये तर शेवटच्या वर्षाचा प्रबंध जवळजवळ प्रत्येकालाच लिहावा लागतो. वेंडी कॉप यांनी १९८९ मध्ये तिथे लिहिलेल्या प्रबंधातून ‘टीच फॉर अमेरिका’ ही संस्था निघाली. त्याच धर्तीवर ‘टीच फॉर इंडिया’ने २००९ मध्ये मुंबई-पुण्याच्या शाळांत काम सुरू केलं. जॉन केनेडी यांचा हार्वर्डमधला म्युनिक करारावरचा प्रबंध १९४० मध्ये पुस्तकरूपाने आला. ही उदाहरणं खरी आहेत, पण मी ती विद्यार्थ्यांना सांगत नाही. बहुतेक प्रबंध ग्रंथालयात जमा होतात आणि फार थोडे लोक ते वाचतात. ज्याने लिहिला तो मात्र त्यानंतर वर्तमानपत्रातली आकडेवारी वेगळ्या नजरेने वाचतो. एवढ्यासाठी वर्षभराचे कष्ट घ्यावेत, असं माझं मत आहे.

पोलादाच्या विषयाकडे परत येते. अलीकडच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा यंगस्टाउनजवळच्या कॅम्पबेल वर्क्समध्ये होते. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. त्या दिवशी यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीने हा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे ५,००० माणसांचं काम गेलं. महोनिंग नदीच्या खोऱ्यात त्या दिवसाला आजही ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात. इतकं त्या भागातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. त्याला ठाऊक नव्हतं ते पुढचं. खोऱ्यातल्या निरनिराळ्या पंथांच्या चर्चनी एकत्र येऊन आघाडी केली आणि कामगार व गावकरी मिळून कारखाना विकत घेऊ, असा प्रयत्न सुरू केला. गावाची तयारी आहे हे दाखवण्यासाठी लोकांनी बँकांत ‘सेव्ह अवर व्हॅली’ नावाची खाती उघडून आपली बचत त्यांत ठेवली. स्टॉटन लिंड हे इतिहासकार वकील होऊन या लढ्यात उतरले होते. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. पण एवढा कारखाना उभा करायला केंद्र सरकारची कर्जहमी हवी होती आणि कार्टर सरकारने १९७९ मध्ये ती नाकारली.

मी त्याला लिंड यांचं पुस्तक वाचायला दिलं. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा त्याचा प्रश्न बदलला होता: खाती कुणी उघडली? हा प्रश्न चांगला होता, तरी मोठाच होता. सबंध खोऱ्याचं उत्तर मिळणार नव्हतं. बँका आपल्या वह्या एका विद्यार्थ्याला दाखवणार नव्हत्या. मग काय उपलब्ध आहे, याचा शोध सुरू झाला. यंगस्टाउनच्या औद्योगिक इतिहासाच्या संग्रहालयात कागदपत्रं आहेत. ‘व्हिंडिकेटर’ हे तिथलं दैनिक २०१९ मध्ये बंद पडलं, पण जुने अंक मायक्रोफिल्मवर आहेत. आणि एका चर्चच्या तळघरात १९७७ ते १९७९ची साप्ताहिक पत्रकं खोक्यांत बांधून ठेवलेली निघाली. त्यातून शेवटचा प्रश्न ठरला: या एका चर्चने आपल्या माणसांना त्या खात्यांबद्दल रविवार-रविवार काय सांगितलं, आणि तेव्हा बाकांवर बसलेल्या माणसांना त्यातलं आज काय आठवतं?

‘पोलादाचा धंदा का बुडाला’पासून इथवर यायला सप्टेंबर उलटला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, महिना फुकट गेला. पण हा महिनाच खरा. मोठ्या प्रश्नाची उत्तरं आधीच कुणी ना कुणी दिलेली असतात, त्यामुळे विद्यार्थी पाच पुस्तकांतून सहावं तयार करतो. लहान प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नसतं. ती खोकी उघडणारा तो पहिला असतो. आपण सांगितलेली गोष्ट आपल्याआधी कुणी सांगितलेली नाही, हे कळल्यावर त्याची बसण्याची पद्धतसुद्धा बदलते. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे आणि या कामाची ओढ मला त्यामुळेच आहे.

मुलाखती घेण्याची वेळ आली तेव्हा तो अडला. आजोबा त्या सोमवारबद्दल घरात कधीच बोलले नव्हते. मी म्हटलं, सोमवारबद्दल विचारूच नकोस. पाळी कितीची असायची, डब्यात काय असायचं, शेजारच्या भट्टीवर कोण होतं, हे विचार. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला दत्ता सामंतांचा संप आमच्या घराने पाहिला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संपाबद्दल विचारलं की वडील गप्प होत. साच्यांबद्दल विचारलं की तासभर बोलत, आणि बोलता बोलता संपही यायचा. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास नोंदवून ठेवला. ते इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये निघालं. मी ते या मुलाला वाचायला लावलं. परळच्या चाळीतली माणसं आणि आपले आजोबा एकाच सुरात बोलतात, हे त्याचं त्याला दिसलं. माझ्या सांगण्याने ते दिसलं नसतं.

माणसांना प्रश्न विचारायचे तर इथे विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागते. याच्या मुळाशी टस्कीगीचं प्रकरण आहे. १९३२ ते १९७२ या काळात अलाबामातल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश सरकारी आरोग्यखात्याने उपचार न करता नुसता निरखला. त्यानंतर १९७४ मध्ये कायदा आला आणि पाठोपाठ नियम. मौखिक इतिहासाला आता या केंद्रीय नियमांतून वगळलं आहे, पण मानसशास्त्र, समाजशास्त्र, परिचर्या या विषयांतल्या मुलांना अर्ज भरावाच लागतो. मी माझ्या विद्यार्थ्यांनाही संमतिपत्र लिहायला लावते. आपल्याकडे हा भाग औपचारिकता म्हणून उरकला जाण्याची भीती मला वाटते. गावातल्या बाईला तिच्या आजाराबद्दल किंवा कर्जाबद्दल विचारण्याआधी ‘उत्तर नाही दिलंत तरी चालेल’ हे वाक्य उच्चारायला विद्यार्थ्याने शिकलंच पाहिजे.

विज्ञानात गोष्ट थोडी निराळी असते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्राध्यापकाच्या चालू कामाचा एक तुकडा उचलतो, प्रश्न बहुधा प्रयोगशाळेचाच असतो आणि पीएच.डी. करणारी ताई किंवा दादा त्याला रोजचं काम शिकवतात. ते योग्यच आहे. उपकरणं आणि रसायनं ज्या कामासाठी आणली आहेत, त्याच कामाचा भाग त्याला मिळणार. मात्र तिथेही एक मोजमाप, एक तक्ता, एक निष्कर्ष निखळ त्याचा असावा.

आता मसुद्याबद्दल. पहिला मसुदा डिसेंबरात येतो. त्यातली सुरुवातीची पानं इतरांनी काय म्हटलंय यावर खर्ची पडलेली असतात. विद्यार्थ्याचं स्वतःचं पहिलं वाक्य कुठेतरी दहाव्या-अकराव्या पानावर दडलेलं असतं. मी ते शोधून त्याला मोठ्याने वाचायला लावते आणि म्हणते, प्रबंध इथे सुरू होतो. त्याचं वाक्य मी दुरुस्त करत नाही. वाक्यं आपण लिहू लागलो की विद्यार्थी हळूच पेन आपल्या हातात देतो आणि मार्चपर्यंत प्रबंध आपला होतो. समासात मी फक्त प्रश्न लिहिते. ‘हे कुणी सांगितलं?’ ‘हे कुठल्या रविवारचं पत्रक?’ ‘सगळे म्हणजे किती जण?’ त्या मुलाने लिहिलं होतं की चर्चमधल्या सगळ्यांनी उत्साहाने खाती उघडली. ‘सगळे म्हणजे किती?’ या एका प्रश्नापायी तो पुन्हा चार घरी जाऊन आला, आणि एका घरात नवऱ्याच्या विरोधाला न जुमानता बायकोने खातं उघडल्याचं त्याला कळलं. त्याच्या प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण त्यातून झालं.

फेब्रुवारी वाईट. बाहेर बर्फ असतो, नोकरीचे अर्ज चालू असतात आणि आपण लिहिलेलं सगळं निरुपयोगी आहे असं बहुतेकांना याच महिन्यात वाटतं. अशा वेळी मी पाठीवर थाप मारण्यापेक्षा पुढच्या मंगळवारपर्यंतचं काम ठरवून देते: चार पानं, एकच मुलाखत. पण कधी कधी सोडून देणंच बरोबर असतं. एक विद्यार्थिनी वृद्धाश्रमात रात्रपाळी करत होती, घरी आई आजारी होती. मी तिला सांगितलं, ऑनर्स सोड, पदवी घे, यात कमीपणा काही नाही. तिने तसं केलं. प्रबंध हा ऐच्छिक आहे म्हणूनच त्याला किंमत आहे. महाविद्यालयांनी ‘आमच्याकडे इतके रिसर्चवाले’ हे दाखवण्यासाठी मुलांना त्यात ढकलू नये.

एप्रिलमध्ये तीन प्राध्यापकांसमोर तासभर तोंडी परीक्षा होते. परीक्षकाने विचारण्यासारखा सर्वांत चांगला प्रश्न माझ्या मते हा: ‘तुला काय सापडलं नाही?’ ज्याने काम स्वतः केलं आहे तो यावर थांबत नाही. कुठलं खोकं पाण्याने कुजलं होतं, कोण बोलायला नाही म्हणालं, सगळं सांगतो. विकत घेतलेला किंवा यंत्राकडून लिहून घेतलेला प्रबंध इथे उघडा पडतो. २०२२च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं, त्यानंतर अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांच्या तळटीपा मी पाहिल्या आहेत. त्यावर सॉफ्टवेअर हा उपाय नव्हे. दर आठवड्याला समोरासमोर बसून ‘आज काय वाचलंस, दाखव’ म्हणणं हाच उपाय, कारण आठवड्यामागून आठवडे खोटं बोलणं हे प्रबंध लिहिण्यापेक्षा अवघड आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. प्राध्यापकाच्या दारावर थाप मारून ‘मला तुमच्याबरोबर काम करायचंय’ म्हणणारी मुलं बहुधा शिकलेल्या घरांतली असतात. घरात पहिल्यांदाच विद्यापीठ पाहणाऱ्या मुलाला असं विचारता येतं हेच माहीत नसतं. तो उत्तम निबंध लिहितो, मागच्या बाकावर बसतो आणि निघून जातो. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या निबंधांतला एखादा चांगला वाटला की मी स्वतःच त्याला बोलावते. महाराष्ट्रात तर याची गरज अधिक आहे. तालुक्याच्या गावातून आलेली मुलगी सरांच्या केबिनबाहेर अर्धा तास उभी राहून परत जाते, हे मी माझ्या काळात रुईया-कीर्तीच्या आसपास पाहिलं आहे आणि ते आजही घडत असणार. तिच्या मागे दार उघडून जाणं हे मार्गदर्शकाचं काम आहे.

विषयांची तर आपल्याकडे रास पडली आहे. एका ग्रामपंचायतीचं दहा वर्षांचं इतिवृत्त. एका सहकारी साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बायकांच्या आठवणी. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत. एका सार्वजनिक वाचनालयाची देवघेवीची जुनी वही. यातल्या कुठल्याही कामाला परदेशी उपकरण लागत नाही, मराठी वाचता यावं लागतं आणि एस.टी.चं तिकीट परवडावं लागतं. हे प्रबंध मराठीत लिहू द्यावेत, असाही माझा आग्रह आहे. मुलाखत मालवणीत किंवा वऱ्हाडीत घ्यायची आणि प्रबंध मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहायचा, याने माणसांचं बोलणंच मरतं.

अडचण आहे ती वेळेची. एका विद्यार्थ्याला आठवड्याला किमान अर्धा तास भेट आणि तेवढाच वेळ वाचनाला लागतो. मसुद्याच्या दिवसांत कितीतरी जास्त. इथेही बऱ्याच विद्यापीठांत हा वेळ अध्यापनाच्या भारात धरला जात नाही, प्राध्यापक तो पदरचा देतात. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत पदं रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तासापुरतेच पैसे मिळतात. त्याने मार्गदर्शन कुठल्या वेळात करायचं? हा वेळ वेळापत्रकात छापला गेला नाही, त्याचा मोबदला दिला गेला नाही, तर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प बांधून मिळतील आणि सगळे जण त्यावर सह्या करतील. मुलाला ७५ टक्के कसे मिळतील याची चौकशी करणाऱ्या पालकांनी प्राचार्यांना आणखी एक गोष्ट विचारावी: एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी देणार? हे काम मन लावून करायचं तर चार-पाचांपलीकडे झेपत नाही.

आणि चौथ्या वर्षाला बसणाऱ्या मुला-मुलींनो, विषय ठरवायची घाई करू नका. आधी ज्यांच्याकडे काम करायचं आहे त्या सरांना किंवा मॅडमना जाऊन विचारा, ‘आठवड्यातला कुठला वार आणि कुठली वेळ मला द्याल?’ नेमकं उत्तर मिळालं तर तिथेच नाव नोंदवा.